तांदळातले नाव

ऋग्वेदाचे पुढचे दोन दात पडले ते वर्ष २०२३. त्या वर्षी जुलैमधल्या एका दुपारी सुलेखाबाई परदेशी राहणाऱ्या मुलाच्या, वरदच्या, क्लेमेंटीमधल्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाशी बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. दुकानातून येणारे तांदूळ स्वच्छच असत. त्यात खडा सापडायचा नाही हे त्यांना इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच कळले होते. तरी त्या रोज ताट घेऊन बसत आणि बोटांनी दाणे इकडून तिकडे सारत राहत.

"आजी, ऑलरेडी क्लीन लाह," ऋग्वेदा तिथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली.

"असू दे. तांदळाला गरज नसली तरी हाताला आहे."

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्यांची सून विभा लॅपटॉप उघडून बसली होती. विभा जवळच्या विद्यापीठात इतिहासाचे संशोधन करत होती. अमेरिकेतले यादवी युद्ध आणि त्या युद्धात झालेला गुलामगिरीचा शेवट हा तिचा विषय. रविवारी शहरातल्या क्वीन्सटाउन भागात मराठी मंडळींसमोर त्यावर बोलायचे होते, मराठीतून. इतकी वर्षे हा विषय ती इंग्रजीतच शिकली होती आणि इंग्रजीतच शिकवत होती. आता मराठी शब्द शोधताना तिची ओढाताण होत होती.

"आई, जरा ऐकता का? कुठे अडखळतेय ते सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तर," विभा बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "म्हणजे, तसं नाही हो..."

"कळलं कसं ते. वाच तू."

विभाने वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता मधेच थांबून ती सांगू लागली. युद्ध सुरू झाले तेव्हा गुलामगिरी संपवायची असे सरकारने ठरवलेले नव्हते. पण फौजेची छावणी जवळ पडली की मळ्यांवरची माणसे निघून तिकडे येऊ लागली. मुले काखेत, भांडी डोक्यावर. त्यांचे काय करायचे ते कोणाला कळेना. शेवटी शत्रूचा जप्त केलेला माल म्हणून त्यांना ठेवून घेतले. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला तो नंतर.

"माल म्हणून?"

"हो. माणूस म्हणून ठेवून घ्यायला अजून कायदा नव्हता ना."

सुलेखाबाईंचा हात थोडा वेळ थांबला आणि मग पुन्हा फिरू लागला.

"मग? पुढे?"

"पुढे त्यांच्यातले पुरुष फौजेत भरती झाले. युद्ध संपल्यावर घटनेत दुरुस्ती झाली. मग त्यांना मतदानाचा हक्क मिळाला. बायकांना नाही, पुरुषांना. मतदार नोंदवायला टेबलं मांडली. कारकून विचारायचा, नाव काय? माणूस सांगायचा, जॉन. जॉन पुढे काय? आडनाव काय? कारकुनाला वाटायचं, गुलामाला कुठलं आडनाव असणार? तर मालकाचंच लिहून टाकावं. पण पुष्कळ जणांनी वेगळंच नाव सांगितलं. कुठून आलं ते? तर ते त्यांच्याकडे आधीपासून होतं. आजा-पणजापासून आलेलं. मालकाला माहीत नव्हतं. झोपडीत, आपसात तेवढं घ्यायचे. त्याला ते 'एन्टायटल' म्हणायचे. युद्ध आलं आणि ते नाव पहिल्यांदा चारचौघांत उच्चारलं गेलं." विभाने स्क्रीनवरून नजर काढली. "या एन्टायटलला मराठी शब्दच मिळत नाहीये मला. गुप्तनाव म्हटलं तर गुप्तहेर वाटतो. खरं नाव म्हटलं तर दुसरं काय खोटं होतं?"

सुलेखाबाई तांदळाकडे बघतच म्हणाल्या, "माहेरचं नाव."

विभा हळूच म्हणाली, "तसं नाही म्हणता येणार, आई. ती बाजारात विकलेली माणसं."

"माहितंय गं. मला काय कोणी विकलं नव्हतं. वाजतगाजत आले मी. त्यांचं दुःख निराळं. तू शब्द विचारलास, मला सुचला तो सांगितला. नको असला तर राहू दे."

बाहेर खालून एमआरटीची ट्रेन गेली. विभाने लॅपटॉप अर्धा मिटला.

"तुमचं नाव बदललं होतं लग्नात?"

"सगळ्यांचीच बदलायचे तेव्हा. ताटात तांदूळ पसरले आणि वरदच्या बाबांनी अंगठीने नाव लिहिलं. मला कुठे वाचता येत होतं! मी करवलीला विचारलं, काय लिहिलंय गं? तर ती म्हणाली, 'तू.'"

विभा हसली. सुलेखाबाईही हसल्या.

"सुलेखा. त्यांना आवडायचं. कचेरीत असं नाव कोणाच्या बायकोचं नव्हतं. महिनाभर सासूबाई हाका मारायच्या, सुलेखा, अगं सुलेखा. आणि मी आपली भांडी घासत बसलेली. मला कळायचंच नाही मला बोलावतायत. त्यांनी वरदच्या बाबांना सांगितलं, पोरगी बहिरी दिलीय रे यांनी."

"आणि आधीचं नाव काय होतं?"

सुलेखाबाईंनी तोंड उघडले. मग त्यांनी दाराकडे पाहिले. दार बंद होते आणि त्यामागे अकराव्या मजल्याचा व्हरांडा होता. तिथून ऐकणारे कोणी नव्हते.

"सासरी घ्यायचं नाही असं होतं. गावंढळ म्हणायचे. आई तेवढी घ्यायची, मी माहेरी गेले की. धाकट्या भावंडांनी ताईच म्हटलं. आई गेली तेव्हा वरद पाळण्यात होता. त्यानंतर त्या नावाने कोणी हाक मारली नाही."

"वरदला माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगू? तो शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली. पहिल्यांदा लिहिलं ते सुलेखा. लिहायला आलं तोवर दुसरं काही उरलंच नव्हतं." त्यांनी ताट जरासे हलवून तांदूळ सारखे केले. "आता सांगून तरी काय? माझ्याबरोबर जाईल ते."

हे त्या सहज म्हणाल्या. पण येत्या गुरुवारी त्या वाईला परत जाणार होत्या, आणि हृदयाची झडप बिघडल्यामुळे यानंतर विमान नको असे साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावले होते. ते दोघींनाही ठाऊक होते.

"मला सांगा," विभा म्हणाली. "मी घेईन."

सुलेखाबाईंनी पुन्हा तोंड उघडले, पण नाव बाहेर येईना. त्यांना स्वतःचेच हसू आले. मग त्यांनी तर्जनीने तांदळात लिहायला सुरुवात केली. मोठेपणी शिकलेल्या माणसासारखे त्या आधी सगळी मोकळी अक्षरे मांडून घेत आणि काना-मात्रा मागाहून देत. ताटात दोन अक्षरे उमटली तोच ऋग्वेदा त्यांच्या खांद्यावरून डोकावली. दर शनिवारी आजी तिला मराठी वाचायला शिकवत होती.

"ह," ती वाचू लागली. "स. हस! आजी, हस!"

सुलेखाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले. ऋग्वेदाला वाटले आपले काहीतरी चुकले.

"राँग?"

"नाही गं बाळा. बरोबर वाचलंस. अजून काना-मात्रा द्यायच्यात."

त्यांनी एक एक करून काने दिले, मात्रा दिल्या. विभा उठून त्यांच्या बाजूला आली आणि तिने वाचले. ओठ हलले, आवाज आला नाही.

"छान आहे हो."

"चार बाळंतपणं वाया गेल्यावर झाले मी. आईने फार हौसेनं ठेवलेलं." असे म्हणून त्यांनी तळहाताने तांदूळ सपाट केले. "चल, वरद यायची वेळ झाली. भात टाकायचाय."

त्या तांदळाचा भात त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ला. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातून दमून आलेल्या वरदने दोनदा वाढून घेतला.

रविवारी क्वीन्सटाउनच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसे जमली होती. एसी इतका गार होता की सुलेखाबाईंनी शाल पांघरली. तिसऱ्या रांगेत एका बाजूला वरद, दुसऱ्या बाजूला ऋग्वेदा, अशा त्या बसल्या होत्या. आयोजक नीताताईंनी विभाची ओळख करून दिली आणि विभा उभी राहिली.

पहिल्या पाच मिनिटांतच हेमचंद्र नावाच्या एका गृहस्थांनी हात वर केला. ते एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते.

"मध्ये बोलतो, माफ करा. पण अमेरिकेतली लढाई, तीही दीडशे वर्षांपूर्वीची. आपला काय संबंध?"

"काका, चहा आहे शेवटी," विभा म्हणाली. "तोवर संबंध सापडला नाही तर चहा नक्की."

लोक हसले. हेमचंद्रही हसले आणि मागे टेकून बसले.

विभा चांगली बोलली. युद्धात सुटलेली माणसे मतदार कशी झाली, त्यांनी आपली माणसे विधिमंडळात कशी पाठवली, आणि एका पिढीत ते सारे त्यांच्या हातून कसे काढून घेतले गेले, ते तिने सांगितले. मत द्यायचे असेल तर आधी कायद्यातले कलम वाचून दाखवा, अशी अट घातली गेली. ज्यांना अक्षर शिकवणे हाच पूर्वी गुन्हा होता, त्यांना आता अक्षर येत नाही म्हणून परत पाठवले.

"अरे देवा," सुलेखाबाई पुटपुटल्या. मग वरदच्या कानाशी लागून म्हणाल्या, "मी तर चिन्ह बघून शिक्का मारायचे रे. मला तर दारातच अडवलं असतं."

"आई, हळू."

मग विभा नावांकडे वळली. टेबल मांडून बसलेला कारकून तिने उभा केला, समोरची रांग उभी केली, आणि मालकाला कधी कळू न दिलेली ती नावे सांगितली.

"या नावाला ते 'एन्टायटल' म्हणायचे," ती म्हणाली. "याला मराठी शब्द मला काही केल्या मिळत नव्हता. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तो सुचवला. माहेरचं नाव. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. तरी याहून जवळचा शब्द मला सापडला नाही." ती थांबली. तिने हातातले कागद टेबलावर ठेवले आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिले. "त्या बाईंचे आभार मानायचे आहेत. हौसाबाई..."

"ओ," सुलेखाबाई म्हणाल्या.

आवाज मोठा होता. परसात काम करणारी पोर घरातल्या हाकेला देते तसा. पुढच्या रांगेतली दोन-चार माणसे मागे वळून बघू लागली. सुलेखाबाईंचा हात तोंडाकडे गेला, पण तोवर उशीर झाला होता.

"काय गं आई? काय झालं?" वरदने विचारले.

"काही नाही रे. हाक मारली."

"तुला कुठे? ती कोणा हौसाबाईंना..." वरद बोलता बोलता थांबला. त्याने आईकडे पाहिले, मग समोर उभ्या असलेल्या विभाकडे, आणि पुन्हा आईकडे. ऋग्वेदा आजीच्या मांडीवर रेलून, दात नसलेल्या तोंडाने त्याला म्हणाली, "बाबा, तुला माहीत नव्हतं? आय रेड इट फर्स्ट."

आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल वरदने नीट केली, आणि भाषण संपेपर्यंत आपला हात तिथेच राहू दिला.

गुरुवारी चांगी विमानतळावर सुलेखाबाई आत जाऊ लागल्या. वरद काचेपाशी उभा होता. त्या तपासणीच्या रांगेत शिरणार, तेवढ्यात त्याने मागून हाक मारली. आईला नावाने हाक मारायची सवय नसल्यामुळे त्याचा आवाज जरासा चिरकला. त्यांनी वळून ओ दिली.

हौसाबाई ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, वाईला वारल्या.