नसलेला शुक्रवार

आमचा प्रोग्रॅम अकरा जणांनी तपासला आणि अकराही जणांनी "छान आहे" असं लिहून दिलं. त्यातल्या एकाचं मशीन दिवसभर बंदच होतं, वायर लावायची राहिली होती. त्याने "फारच छान" लिहिलं होतं.

यात लबाडी नव्हती, रीत होती. प्रोग्रॅम करून घेणारा आसिआता आमच्या गावचा मुखिया, आणि दवाखान्याचा कारभारही त्याच्याच हातात. त्याने पुढे ठेवलेल्या गोष्टीला नावं ठेवायची म्हणजे त्याच्याच घरी जेवून मासा शिळा होता म्हणण्यासारखं. प्रोग्रॅम लिहिला होता मी, त्यामुळे मला ही रीत फार थोर वाटत होती.

२०११ सालचा नोव्हेंबर. एक डिसेंबरला, गुरुवारी, उद्घाटन ठरलेलं. राजधानीतून, आपियाहून मंत्री येणार होते, चर्चची गाणारी मंडळी रोज घसा साफ करत होती, आणि मेजवानीसाठी डुक्करही पाहून ठेवलं होतं. प्रोग्रॅमचं काम साधंच. लहानपणीच्या तापाने ज्यांचं हृदय दुखावलंय त्यांना दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन द्यावं लागतं. मशीनने पुढची तारीख काढायची आणि त्या दिवशी यादी दाखवायची. संध्याकाळी नर्सने 'दिवस बंद' हे बटण दाबलं, की न आलेली नावं लाल यादीत जायची.

आसिआता खुळा नव्हता. अकरा "छान" वाचून तो म्हणाला, "सेफो, इतकं छान तर माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. ताईला बोलावतो."

फिलोमेनाताई त्याची थोरली बहीण. त्याच दवाखान्यात तीस वर्षं इंजेक्शनं टोचून निवृत्त झालेली. आमच्याकडे भाऊ मुखिया असला तरी बहिणीपुढे त्याचा आवाज खालीच. त्याला "नाही" म्हणू शकणारं माणूस गावात हे एकच.

ती हातपंखा आणि दोनशे पानी वही घेऊन आली. वहीत प्रत्येक चाचणीला माणसाचं नाव होतं. लागीमावशी: वादळाच्या वर्षी जन्मली, तारीख कुणालाच ठाऊक नाही. तीन सोलोमोने: एकच गाव, एकच आडनाव, चर्चमध्ये बाकही एकच. तौआला: ईस्टरला मानाची पदवी मिळाली, नाव बदललं, जुना कागद सापडेल का?

"बटण दाबायच्या आधी लिहायचं, काय व्हायला हवं ते," ती म्हणाली. "नंतर लिहायला बसलं की माणूस मशीनची बाजू घेतो."

"ताई, अशी माणसं शंभरात दोन असतात."

"ती दोन सोडून बाकीच्यांना तुझ्या मशीनची गरजच काय? ती आपली आपण येतात."

लागीमावशीपाशी प्रोग्रॅम अडकला. तीन सोलोमोनेंपैकी दोघांच्या नावावर मिळून एकच इंजेक्शन नोंदलं गेलं. मी रोज दुरुस्त करायचो, ती रोज पंखा हलवत नवं पान उघडायची. उद्घाटनाला तीन दिवस उरले तेव्हा एकच पान राहिलं होतं. वर लिहिलं होतं, 'लेसी'. चौदा वर्षांची, ताईच्याच शेजारची पोर.

"समज, लेसीला शुक्रवारी, दोन डिसेंबरला, इंजेक्शन दिलं. पुढचं कधी?"

मी बटण दाबलं. "तीस डिसेंबर. बरोबर आहे."

"बरोबर," ताई म्हणाली. "त्या दिवशी ती आलीच नाही, तर?"

"संध्याकाळी दिवस बंद केला, की लाल यादीत."

"कुठला दिवस बंद करणार आहेस, बाबा?"

मी हसलो. मग हसू थांबलं. सरकारने त्या वर्षी आपला देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे न्यायचं ठरवलं होतं. गुरुवारी एकोणतीसला झोपायचं आणि शनिवारी एकतीसला उठायचं. मधला शुक्रवार देशात येणारच नव्हता. सहा महिने यावर सर्वांत जास्त विनोद मीच केले होते. बायकोला रोज सांगायचो, छपराचे पत्रे तीस डिसेंबरला नक्की बदलतो. आणि प्रोग्रॅममध्ये तोच दिवस ऐटीत बसला होता. जो दिवस उजाडणार नाही तो बंद कोण करणार? त्या दिवसाची माणसं ना साध्या यादीत, ना लाल.

शुक्रवार इंजेक्शनचा वार. मोजली, तेवीस नावं होती.

आसिआताला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, एका दिवसाचा तर प्रश्न. मंत्री येतायत."

"येऊ देत. जेवून जातील."

"हे नंतर दुरुस्त करू की."

"इंजेक्शन चुकलं की पहिल्यांदा काहीच होत नाही, आसिआता. पोर खेळते, हसते. दोन वर्षांनी जिना चढताना खाली बसते. तेव्हा तू मशीनला विचारणार, आणि मशीन म्हणणार, छान आहे."

तो खिडकीपासून वळला. मग मला म्हणाला, "सेफो, डुकराला सांग, आठवडाभर आणखी खा."

मी लाल यादी 'दिवस बंद'वरून काढून थेट आजच्या तारखेला बांधली. तारीख उलटली आणि इंजेक्शन नाही, तर नाव लाल, मधले दिवस देशात असोत वा नसोत. तेवीस जणांना गुरुवारी, एकोणतीसलाच बोलावलं.

बावीस आले. शनिवारी सकाळी मशीन उघडलं तर लाल यादीत एकच नाव होतं: लेसी. ताई स्वतः बस पकडून तिच्या आजोबांच्या मळ्यात गेली आणि पोरीला हाताला धरून घेऊन आली.

"गुरुवारी का नाही आलीस गं?"

"तारोच्या कंदांची काढणी चालली होती, आजी. म्हटलं, शुक्रवारी जाईन."

ताईने तिला टोचलं, मग एक चापट मारली. नोंद फक्त पहिल्याची झाली.

ताई जाऊन आता तीन वर्षं झाली. दवाखान्यातला प्रोग्रॅम दोनदा बदलला, पण तिच्या वहीतल्या चाचण्या रोज सकाळी आधी चालतात, त्याच नावांनी. नवी मुलं म्हणाली, नावांऐवजी आकडे घालू या. मी म्हटलं, घाला, पण आकड्यासाठी बस पकडून मळ्यात कोण जाणार? मग तसंच राहिलं. लागीमावशी, तीन सोलोमोने, तौआला एकेक करून पास होतात, पडद्यावर हिरवे होतात. त्यांतली निम्मी माणसं आता चर्चमागे पुरलेली आहेत, पण तपासणीला वेळेवर हजर असतात.

लेसी शाळेत शिकवते. जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढते. परवा पावसात आमच्याकडे आली, ओट्यावर गळतीखाली ठेवलेल्या तीन बादल्या पाहिल्या आणि म्हणाली, "काका, तो शुक्रवार अजून आला नाही वाटतं?"