मानेचा जोड

दाल्मासियो म्हाताऱ्याने दोरीपलीकडे काठी घालून पुतळ्याचा चकचकीत बूट उचलून पाहिला.

"बातानच्या जंगलात असले बूट? हा लढायला आलाय की लग्नाला?"

संग्रहालयात काम करणाऱ्या मारिविकने काठी हलकेच मागे सारली. उद्घाटनाला तासभर उरला होता. दुसऱ्या महायुद्धात विमानं जमिनीवरच जळाली, तेव्हा हवाईदलाच्या मिस्त्र्यांच्या हाती बंदुका देऊन त्यांना पायदळात ढकललं, त्याचं हे प्रदर्शन. त्या तुकडीतला दाल्मासियो एकटाच उरलेला. खंदक फार खोल, भाताचा डबा फार भरलेला, माकडाच्या मटणाचा पत्ता नाही. त्याला काहीच पटेना. थापा मारण्यात अख्ख्या बालांगा गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणूनच दुसऱ्याची थाप त्याला खपत नसे.

पुतळा मात्र शिकवल्यासारखा पालथा, नाक मातीत.

"विमान आलं की पायदळवाले असे पडायचे. आम्ही गाढवं उभे राहून वर बघायचो. कुठलं इंजिन, कुठला सिलिंडर चुकतोय, यावर पैजा लावायचो. क्रिस्पुलो पैज जिंकला आणि तिथंच गेला."

मग त्याने पुतळ्यामागच्या भिंतीवरचा फलक वाचला. 'क्रिस्पुलो मानालास्तास. शत्रूच्या मशीनगनवर एकटा धावून गेला.'

"ही थाप कुणाची?"

"त्यांच्या बायकोनं सांगितलं. फेलिसा आजींनी. त्यांना तुम्हीच सांगितलंत म्हणे, लढाई संपल्यावर."

काठीची टकटक थांबली. मारिविकने साक्षीदाराचा कागद पुढे केला. सही नसेल तर फलक उतरवावा लागेल. वर बघत मेलेल्यांना भिंतीवर जागा नाही, असा संग्रहालयाच्या साहेबांचा हुकूम होता.

फेलिसा दारातच उभी होती. ती आली, अक्षरांवरून बोट फिरवत तिने फलक वाचला. एवढ्यात छपरावरून एक लहान विमान घरघरत गेलं. दोन्ही म्हाताऱ्या माना वर झाल्या.

"लग्नात पाद्री प्रश्न विचारत होता," ती दाल्मासियोला म्हणाली, "आणि क्रिस्पुलो चर्चच्या दारात, आभाळाकडे बघत. धावून जाणारा माणूस होता का रे तो, मास्यो?"

तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"सही कर. नातवंडं यायचीयत."

त्याने सही केली. मग काठी भिंतीला टेकवून तो दोरीखालून आत शिरला, गुडघ्यांवर बसला आणि पुतळ्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून वर वळवू लागला. मानेचा जोड करकरला. मारिविकने दुसरीकडे पाहिलं.

"अजून थोडं," फेलिसा म्हणाली. "डावीकडे."