लेइनाच्या आईचे डॉलर

मलोई नावाचा एक देश. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली सबंध झाकून जाईल एवढाच. नारळ, मासळी आणि स्वतःची नोट, ही त्याची सगळी मिरास. ती नोट ठेवायची, की बंद करून सरळ अमेरिकेचा डॉलर घ्यायचा, हा प्रश्न घेऊन तिथल्या अर्थखात्यातली लेइना कोलकात्यात आली होती. अहवालाचं काम इथल्या एका सल्लागार कंपनीकडे होतं आणि बँकेतून निवृत्त होऊन त्या कंपनीत नोकरीला लागलेला गुरुदत्त तो अहवाल लिहीत होता. त्याच्या बायकोने, श्यामलाने, लेइनाला हुगळी नदीकाठच्या गार्डन रीचमधल्या घरी रविवारी जेवायला बोलावलं.

बोलावलं पाहुणी म्हणून, आणि धरून ठेवलं माहेरवाशीण म्हणून. श्यामलाचा जन्म नवऱ्याच्या बदल्यांत गेला होता. गावोगाव बिऱ्हाडं मांडली, गावोगाव उचलली, पण आपण कुणाचं माहेर व्हावं हे काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. ही सावळी, मोकळ्या केसांची पोर नदीवर बोटीचा भोंगा झाला की हातातला घास हातातच ठेवून कान द्यायची. ते बघून श्यामलाने तिचं ताट आपल्याजवळ ओढलं. तिने गंमत म्हणून ओवी रचली आणि भात कालवता कालवता म्हटली:

आली ग पाहुणी समुद्राच्या पल्याडून,
तिला मी वाढते साईचा भात कालवून.

अर्थ कळल्यावर लेइना लाजली. इथे शिकलेली मोडकी हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांच्या खिचडीत दोघींचं बरं चालायचं. ‘ताई’ मात्र ती पहिल्याच दिवशी शिकली आणि पुढे दर रविवारी न बोलावता येऊ लागली.

ताटावर वाद ठरलेला. लेइना म्हणायची, वादळात नारळ झोपले की आमची नोट जरा उतरते, मग आमची मासळी बाहेर स्वस्त पडते, खपते, घरं पुन्हा उभी राहतात. नोट दुसऱ्याची झाली की आमची नाडी दुसऱ्याच्या हातात. गुरुदत्त म्हणायचा, नोटांचा छापखाना हाताशी असला की कुठल्याही सरकारला मोह आवरत नाही, आणि महागाई पहिला घास गरिबाच्या ताटातला उचलते. दोघांचंही श्यामलाला पटायचं. पण मन लेइनाकडे झुकायचं. घर लहान असलं म्हणून कुणी आपली चूल शेजारी नेत नाही, असं तिला वाटे.

एका रविवारी गुरुदत्त बाहेर गेलेला असताना लेइना मटार सोलत बसली होती. सोलता सोलता तिने आईची गोष्ट काढली. आई बंदरावरच्या बायकांची म्होरकी. ‘आपली नोट आपली’ म्हणत मोर्चे काढणारी. आणि तीच आई चोरून परदेशी बोटींना मासळी विकते, डॉलर घेते आणि पिठाच्या डब्यात दडवते. बापाचं मूत्रपिंडाचं औषध बोटीवरून येतं, आणि बोटवाला डॉलरशिवाय ते देत नाही.

“हे कुणाजवळ बोलले नाही, ताई,” ती म्हणाली. “बंदरावर कळलं तर आईला तोंड दाखवायला जागा नाही.”

माहेरी बोललेलं माहेरीच राहतं, असं श्यामलाने तिला सांगितलं. आणि रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. डबाही सांगितला, औषधही. नवऱ्याला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं तिने कधी मानलंच नव्हतं. गुरुदत्तने भाजी वाढून घेतली आणि बिचारी म्हातारी, एवढंच म्हणाला.

अहवाल मांडायचा दिवस आला. दुपारी लेइना दारात उभी राहिली ती आत येईना. मलोईचे मंत्री व्हिडिओच्या पडद्यावर होते, तिने सांगितलं. गुरुदत्त सरांनी त्यांना सांगितलं की स्वतःची नोट वाचवायला जी बाई मोर्चे काढते, तीच घरात डॉलर दडवते. नाव घेतलं नाही, औषधाचंही काही बोलले नाहीत, पण बंदरावरची म्होरकी म्हटल्यावर कुणाला कळायचं राहिलं? मंत्री हसले. निर्णय उद्या सकाळी होता.

“आईला फोन करायचाय,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. काय सांगू, मॅडम?”

‘ताई’ची ‘मॅडम’ झाली होती. लेइना जिना उतरून गेली.

गुरुदत्त संध्याकाळी नलेन गुळाच्या, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाच्या, संदेश मिठाईचा डबा घेऊन आला, मोठ्या खुशीत. श्यामलाने डबा घेतला नाही.

“माझ्या घरात बोललेलं तुम्ही सभेत नेलंत.”

“खोटं काय बोललो?” त्याने बूट काढत विचारलं. “लोकांचाच विश्वास नाही, हाच तर मुद्दा. त्या देशाचं भलंच होईल बघ.”

“आणि औषध? ते का गाळलंत?”

“अगं, ते खासगी आहे. कुणाचं आजारपण असं चारचौघांत काढतात का?”

तो हे अगदी मनापासून म्हणाला. जन्मभर आपण ज्याच्या पुढ्यात मनाचा पदर मोकळा केला, तो माणूस त्यातलं निवडून, पाखडून घेत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.  मग श्यामलाने त्याच्यासमोरच लेइनाला फोन लावला. तिने बऱ्याच वेळाने उचलला.

“औषधाचंही मी सांगितलं होतं,” श्यामला म्हणाली. “आधी सांगायला नको होतं, तो गुन्हा माझा. पण सांगितलं ते सगळं सांगितलं.”

पलीकडून लेइना म्हणाली, “म्हणजे सरांना माहीत होतं.”

“होतं.”

“आईने आत्ता फोन ठेवला, ताई. म्हणाली, माझं तोंड काळं झालंच आहे, निदान औषधासाठी झालं एवढं तरी कळू दे. उद्या तुम्ही हे मंत्र्यांसमोर बोलाल?”

गुरुदत्त उठून उभा राहिला होता. “श्यामला, माझी नोकरी जाईल,” तो हलकेच म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. “किती वाजता यायचं, तेवढं सांग,” ती फोनमध्ये म्हणाली.