शेजारची खुर्ची

"चुकली! ताई, तुमची जाऊबाई परत चुकली!" इंजिनीयर मुलगी आनंदाने ओरडली.

पडद्यावरची टाकी भरून वाहत होती. ताईंसारखा विचार करणारी ऑपरेटर या मुलीने संगणकात उभी केली होती. ताईंचं शिक्षण, सवयी, कामाची पाळी संपतानाचा थकवा, सगळं तिच्यात घातलेलं. कारखान्यात सगळे तिला 'ताईंची जाऊबाई' म्हणत. पाण्याची पातळी दाखवणारा टाकीचा काटा अडकला, तर ही पंप बंद करते का, एवढंच बघायचं होतं. अपघात झाला त्या दिवशी ताईंनी तो बंद केला नव्हता. उकळतं पाणी ओसंडलं आणि खाली काम करणाऱ्या फिटरचा हात भाजला. तेव्हापासून देवापुढे हात जोडले की ताईंना आधी तो हात दिसे.

"बहुतेक वेळा ती चुकतेच. म्हणजे दोष काट्याचा! उद्या चौकशीत हेच सांगते. तुमची खुर्ची पक्की."

"आणि उरलेल्या वेळी काय करते गं?"

मुलगी घुटमळली. "कशाला ताई, हात दाखवून अवलक्षण?"

"दाखव, बाळा."

पुन्हा काटा अडकला. जाऊबाई थबकली. खाली ओळ उमटली : शेजारच्या ऑपरेटरला विचारले. पंप बंद झाला.

"इथे हिची भीड कमी केली होती," मुलगी हळूच म्हणाली. "थकवा, घाई, भीड, सगळं कमीजास्त करून बघतो आम्ही."

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशीही शेजारी माणूस होता. त्यांच्याच हाताखाली शिकलेला, सारख्या शंका काढतो म्हणून सगळे ज्याला शंकासुर म्हणत, तो.

"काट्याची शंका मलाही आली होती गं. पण आपणच शिकवलेल्याला काय विचारायचं, म्हणून गप्प बसले. हेही सांग उद्या."

"अहो, खुर्ची जाईल!"

"जाऊ दे. एकट्या काट्याने नाही भाजला तो हात."

खुर्ची गेलीच. मुख्य पॅनलवर शंकासुर बसला. ताईंना शेजारची जागा मिळाली. पहिल्याच पाळीत टाकीचा काटा जरा रेंगाळला. शंकासुराने चोरून ताईंकडे पाहिलं आणि मान वळवली. सगळ्यांना शंका विचारून हैराण करणारा, आज त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"विचार रे," ताई समोर बघतच म्हणाल्या. "भीड भिकेची बहीण."

"ताई... हा काटा जरा बघता का?"

ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.