आईच्या फ्रीजचं दार

टांगून पाणी काढलेलं दही, चारशे ग्रॅम. सालीवर ठिपके पडलेली केळी, दोन. स्ट्रॉबेऱ्या अकरा, त्यांतली एक चेपलेली. मध एक चमचा. स्टीलच्या वाट्या चार. रिकामी वाटी नव्वद ग्रॅमची. लेकीने सगळं वहीत उतरवून घेतलं. हा पाचवा प्रयत्न होता, आणि आधीच्या चारही खेपांना दह्याचा दगड झाला होता.

आई जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून बाबा दोन घास खाऊन ताट बाजूला सारायचे. सात किलो वजन उतरलं होतं. गेल्या आठवड्यात मात्र ते आपणहून म्हणाले होते, "तुझी आई ते फळं घालून गार दही करायची ना, ते खाईन मी."

आईने कधी काही मोजलं नाही. दुपारी फळं कुस्करायची, दह्यात फेटायची आणि वाट्या फ्रीजरमध्ये सरकवायची. बाबा दुसऱ्यांचे फ्रीज दुरुस्त करून, ग्रीसने माखलेल्या हातांनी घरी यायचे आणि थेट चमच्याकडे वळायचे.

"आधी हात धुवा! गावभरचे फ्रीज दुरुस्त करता, आणि घरच्याचं दार धड लागत नाही."

"रविवारी करतो गं."

असे अकरा वर्षांचे रविवार गेले. आई दाराला खुर्ची टेकवायची आणि बोलत राहायची. वाटीत चमचा मात्र अलगद रुतायचा.

आज लेकीने वाटी पुढे ठेवली. चमचा टणकन वाजला.

"शास्त्रज्ञबाई, हे खायचंय की घराच्या पायात घालायचंय?"

"बाबा, मी सगळं तोलूनमापून घेतलंय."

"तिने कुठे काय तोललं होतं?" त्यांनी वाटी परत सरकवली.

लेक उठली आणि थर्मामीटर फ्रीजरमध्ये ठेवून आली. अर्ध्या तासाने पाहिलं, तर उणे अठरा.

"बाबा, हा इतका गार कधीपासून झाला?"

बाबा टेबलावरचा डाग नखाने खरवडू लागले.

"ती गेली त्याच आठवड्यात नवं रबर बसवलं दाराला. वीस मिनिटांचं काम. बैल गेला आणि झोपा केला."

"म्हणजे आईचं दही मऊ व्हायचं ते तुमच्या आळसामुळे?"

"मग! आणि श्रेय सगळं ती घ्यायची," बाबा म्हणाले. हसता हसता ते उठले. ते आत गेले आणि कपाटामागून गुंडाळलेलं जुनं रबर घेऊन आले. एका कोपऱ्यात फाटलेलं, आईच्या केळं लागलेल्या बोटाचा वाळलेला ठसा तसाच असलेलं.

"टाकलं नाहीत?"

"उचललं होतं टाकायला." त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "धर तिकडून. नवं नीट काढ, कुणाच्या तरी कामी येईल."

जुनं रबर बसलं. दार पुन्हा बोटभर उघडं राहू लागलं. लेकीने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून आणली आणि दाराला टेकवली.

"जरा डावीकडे," बाबा म्हणाले. "ती तिथे लावायची."

दुसऱ्या दिवशी, दुपारी चार. फ्रीजर उणे सहा. बाबांची वाटी, देताना दोनशे पंचाहत्तर ग्रॅम. परत आली तेव्हा एक्क्याण्णव.