वॅक्सची वेळ

मास्तरीणबाईंनी पाण्याची बादली गाडीशेजारी टेकवली. संध्याकाळी पाच वाजता गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. हे मुलीला ठाऊक होतं, जावयाला ठाऊक होतं, ज्या मैत्रिणीनं गिऱ्हाईक सुचवलं तिच्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मास्तरांना, आणि गाडी मास्तरांची होती. पाचच्या आत त्यांना सांगायचं असं बाईंनी सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं. मग चहाच्या वेळी ठरवलं. जेवताना तर अगदी पक्कं ठरवलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. आसपासच्या निम्म्या लोकांना क्लच म्हणजे काय ते त्यांनी शिकवलेलं, म्हणून ते मास्तर. त्यांच्या बायकोला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिला मास्तरीणबाई हे बिरुद फुकटात मिळालं. तिची नोकरी दातांच्या दवाखान्यात, काउंटरवर. लग्नानंतर मास्तरांनी तिलाही शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्याच वळणावर दोघं दोन दारांनी उतरले आणि दोन रस्त्यांनी चालत घरी आले. तो विषय तिथेच संपला.

आता शाळा बंद करून बरेच दिवस झाले होते. स्वतःची गाडी तेवढी होती. मागच्या महिन्यात नातीला पोहण्याच्या तलावावरून आणताना चौकात सिग्नल हिरवा झाला आणि मास्तरांची गाडी हललीच नाही. मागून भोंगे वाजायला लागले. शेजारच्या रिक्षावाल्यानं खाली उतरून पाहिलं तर मास्तरांचं डोकं एका बाजूला कललेलं, हात थडथडतायत, आणि मागच्या सीटवर पोर आजोबा, आजोबा करतेय. गाडी उभी होती म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. घरी येऊन म्हणाले, रात्री झोप झाली नव्हती. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, किल्लीही मागितली नाही. पण घरात त्यांचं बूड एका जागी टिकेना. खिडकीत जात, परत येत, फ्रिज उघडून आत बघत आणि काही न घेता बंद करत.

म्हणूनच मुलीनं घाई केली. बाबा एक दिवस किल्ली शोधतील आई, म्हणाली. आणि गाडी जरा चमकवून ठेव, म्हणाली. मुलीचं काय जातं सांगायला.

बाई बादली घेऊन निघाल्या तेव्हा मास्तरांनी विचारलं, कुठे. गाडी धुते, फार धूळ बसलीय, सहज. काखेत गाडीला चकाकी आणायच्या वॅक्सचा डबा होता तो लपेना. मास्तरांनी डब्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि प्लॅस्टिकची खुर्ची उचलून तेही मागोमाग खाली आले. गोळ्यांमुळे वाकलं की त्यांना गरगरायचं, म्हणून जिन्याच्या छपराखाली खुर्ची टाकून बसले. आणि बसल्या बसल्या त्यांची शिकवणी सुरू झाली.

आधी पाणी नुसतं सोड, चोळू नकोस. धुळीचे कण असतात, फडक्याखाली आले की ओरखडे. वरून खाली ये. टपापासून सुरू कर, चाकं सगळ्यात शेवटी. भांड्यांचा साबण नको, बाटलीतला शाम्पू घे. बाईंनी मुकाट्यानं टप धुतला, काचा धुतल्या, चाकं धुतली, मऊ फडक्यानं गाडी कोरडी केली. महिनाभरात नवऱ्याच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात ऐकली नव्हती. कुणी म्हणेल, बरंच झालं की. बाईंना मात्र तेच सहन होईना, कारण माणूस खुशीत आला होता आणि त्या खुशीवर पाणी ओतायचं काम त्यांच्याकडे होतं.

त्यांनी डबा उघडला, स्पंजावर बोटभर वॅक्स घेतलं आणि बॉनेटकडे वळल्या.

"थांब," मास्तर म्हणाले. "उलटा हात लाव पत्र्याला."

बाईंनी लावला. चटका बसला.

तापल्या पत्र्यावर वॅक्स लावलं की ते भाजून बसतं, मग पांढरे डाग उठतात आणि ते काढताना हात गळून पडतात, हे मास्तरांनी समजावलं. गाडी सावलीत हवी. आणि सावली तर अजून भिंतीपाशी होती. गाडी हलवायची म्हटलं तर किल्ली बाईंच्या पर्समध्ये, चालवणारा खुर्चीत, आणि त्याला चालवू द्यायचं नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. त्यामुळे इमारतीची सावली सरकत गाडीपर्यंत येईस्तोवर दोघांनी नुसतं बसून राहायचं.

बाई पायरीवर बसल्या. सांगायला याहून चांगली वेळ कोणती? आजूबाजूला कोणी नव्हतं, मास्तर शांत होते. बाईंनी घसा खाकरला. मास्तरांनी वळून पाहिलं. बाईंनी विचारलं, पाणी हवंय का? नको म्हणाले. बाई उठल्या, बादली विनाकारण इकडची तिकडे ठेवली, परत बसल्या. दवाखान्यात त्यांनी इतकी वर्षं दाढा काढायला आलेल्या माणसांना अजिबात दुखणार नाही म्हणून छातीठोक सांगितलं होतं. तिथे जीभ कशी तुरुतुरु चालायची. इथे एक वाक्य फुटेना. खिशातला फोन थरथरला. मुलीचा मेसेज होता: सांगितलंस का? बाईंनी फोन उलटा करून मांडीखाली ठेवला.

सावली एकदाची चाकापर्यंत आली, मग दारावर चढली. मास्तरांनी पत्रा गार होऊ दिला आणि मग हुकूम सोडला. एका वेळी एकच भाग. वॅक्स थोडंच घे, पोळीला तेल लावतेस तितकं. जाड थर दिलास तर जास्त टिकत नाही, नुसता पुसायला त्रास. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नकोस. आता थांब, धुरकट होऊ दे. बोट फिरवून बघ, स्वच्छ रेघ उमटली? मग पूस, कोऱ्या फडक्यानं, घडी उलटत उलटत.

बाईंनी मागचं दार पुसलं आणि त्यात स्वतःचा चेहरा दिसला. आता सांगते, म्हणाल्या मनाशी. पण मास्तरांनी पुढचं दार दाखवलं. पुढचं दार झालं. आता. तर फडकं हातातून खाली पडलं, आणि खाली पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, त्यात वाळू शिरते, दुसरं आण, म्हणून मास्तरांनी त्यांना वर पिटाळलं. जिना चढताना त्यांना स्वतःचाच राग आला. मुलीचा आला. असा राग राग करत खाली आल्या तर मास्तर खुर्चीतून पुढे झुकून गाडीकडे बघत होते. बाईंना पाहिल्यावर मागे टेकले.

बॉनेट झालं, टप झाला, दुसरी बाजू झाली. घामानं पाठ भिजली, दंड भरून आले. पाच वाजत आले होते. शेवटी डिकीचं झाकण तेवढं उरलं. बाईंनी स्पंज ठेवला. जीव इतका कासावीस झाला होता की आता न सांगणंच जास्त जड होतं.

"अहो, पाच वाजता एक जण येणार आहे. गाडी बघायला. मी आणि लेकीनं मिळून ठरवलं, तुम्हाला न विचारता."

मास्तरांनी खाली ठेवलेल्या स्पंजाकडे पाहिलं.

"माहीत आहे," म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तू पाणी सोडलंस तेव्हा बॉनेटवर थेंब गोल उभे राहिले. म्हणजे आधीचं वॅक्स अजून जिवंत आहे. डॉक्टरांकडे गेलो त्याच्या आदल्याच आठवड्यात तर मी लावलं होतं. पाणी पसरायला लागलं की मग लावायची वेळ होते. त्याआधी कोण लावतं? विकणारा लावतो."

बाईंना आधी लाज वाटली आणि मग संताप आला. दुपारभर जीव टांगणीला लागला होता त्यांचा, आणि हा माणूस खुर्चीत बसून घडी उलटायला शिकवत होता. मग बोलला का नाहीत, त्यांनी विचारलं, आणि आवाज चढलेला त्यांनाच कळला.

"तू सांगशील म्हणून," मास्तर म्हणाले. "एकेक दार झालं की वाटायचं, आता सांगेल."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर ते लोक यायच्या आधी मी वर निघून जाणार होतो. त्यांच्यासमोर तुला खोटं पाडायचं नव्हतं."

बाईंना रडू आलं. हाताला वॅक्स होतं म्हणून डोळे कोपरानं पुसावे लागले. आत्ता फोन करून नको म्हणून सांगते, त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. मास्तरांनी त्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. डिकी राहिलीय, एवढंच म्हणाले.

डिकी पुसून होते न होते तोच गिऱ्हाईक आलं. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी तरुण मुलगी, सकाळी घरोघरी नमुने घ्यायला जायचं म्हणून गाडी हवी होती. परवाना नवाकोरा. तिनं गाडीभोवती चक्कर मारली, दारावरून बोट फिरवलं, आणि जे कोणीही विचारेल तेच विचारलं. इतकी छान ठेवलीये, मग विकताय का?

बाईंनी तोंड उघडलं. पार्किंगची अडचण, वापर होत नाही, असलं काहीतरी जिभेवर अगदी तयार होतं.

"मला फीट येते," मास्तर म्हणाले. ते खुर्चीतून उठले होते. "चालवताना आली. नात मागे बसली होती. आता मला गाडी चालवता येणार नाही."

घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर बाईंनीसुद्धा नाही. मुलगी हळूच म्हणाली, एक चक्कर मारून बघू का?

बाईंनी वर जाऊन पर्समधली किल्ली आणली आणि तिच्या हातात दिली. मास्तर गाडीकडे चालत गेले. शिकवणारा माणूस, चालवणाऱ्याच्या शेजारी बसेल असं बाईंना वाटलं. पण त्यांनी मागचं दार उघडलं आणि नात बसायची त्या जागी आत सरकले. बाईही मग त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मुलीनं आरसा नीट केला, पट्टा लावला, सावकाश गाडी बाहेर काढली. तिचा हात तयार होता, गिअर जरा उशिरा बदलायची इतकंच. मास्तर त्यावर काही बोलले नाहीत.

चौकात लाल दिवा लागला. गाडी थांबली. मास्तर मान उंचावून पुढे बघत होते, मग एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"इथून रस्ता दिसतच नाही गं," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "नुसती चालवणाऱ्याची मान दिसते."

"हो," बाई म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला आणि मुलीनं गाडी पुढे घेतली.