दोधू मिस्त्रीची साक्ष

गोऱ्या साहेबाने पंखा फिरवला आणि विमानाचं इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. नंदुरबारबाहेर सुकलाल नावाच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. काल विमान इथे उतरवणाऱ्या फत्तेसिंगचा चेहरा मात्र पडला.

“इंजिन ठीक है. तुम डर गया,” चौकशीला आलेला साहेब म्हणाला. लढाईचे दिवस. असा शेरा कागदावर पडला की त्या तरुण वैमानिकाचं उडणं कायमचं संपलं. वर इंजिन बंद पडलं होतं, हे तो शपथेवर सांगत होता. पण चालत्या इंजिनापुढे त्याचं कोण ऐकणार?

तेवढ्यात दोधू मिस्त्री पुढे घुसला. वीस वर्षं कापसाच्या जिनिंगचं इंजिन चालवणारा हा गडी. न विचारता सल्ला द्यायची त्याला भारी हौस!

“वर थंडी कितली ऱ्हास भाऊ?”

“पाण्याचा बर्फ होतो,” फत्तेसिंग म्हणाला.

“मंग पेट्रोलमां पानी शे! वर नळीमां त्याना बरफ व्हयना, पेट्रोल अडकनं, इंजिन बंद. विमान खाले उनं, बरफ वितळी गया. म्हनीसन आते चाली ऱ्हायनं!”

फत्तेसिंगने ते साहेबाला समजावलं. साहेब नुसता हसला. दोधूने टाकीच्या तळाची तोटी सैल करून काचेचा पेला भरून घेतला. आत सगळं एकसारखंच नितळ दिसत होतं.

“पानी किधर? सब पेट्रोल!” साहेब म्हणाला.

“तिखं टाकी दखा ना!” गर्दीतून दोधूची बायको धनुबाई ओरडली. “रंग तेलले चढस, पानीले नही.” नवऱ्याच्या भाकरीसोबत आणलेली लाल तिखटाची पुडी तिनेच पुढे केली.

दोधूने चिमूट टाकून पेला हलवला आणि जरा थांबला. पेट्रोल आमटीच्या तर्रीसारखं लाल होऊन वर आलं. खाली दोन बोटं पाणी बिनरंगाचंच राहिलं.

साहेबाने पेला उन्हात धरला, फिरवून पुन्हा धरला. मग खो खो हसत त्याने फत्तेसिंगच्या पाठीवर थाप मारली. फत्तेसिंगने दोधूला उचललंच! रानात नुसता गलका झाला. धनुबाई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तिला किती आनंद झाला होता ते काही तिला लपवता येईना.

टाकीतलं पाणी काढून झाल्यावर साहेबाने कागद लिहिला : दोष पेट्रोलमधल्या पाण्याचा, वैमानिकाचा नाही. खाली साक्षीदाराची सही हवी होती. दोधूला लिहिता येत नव्हतं. फत्तेसिंग अंगठ्यासाठी शाई शोधायला धावला.

“ऱ्हाऊ द्या भाऊ,” म्हणत दोधूने वीस वर्षांच्या वंगणाने काळा झालेला अंगठा तसाच कागदावर दाबला. रेघ न् रेघ उमटली.